पाच वाकडे दात आणि टायटॅनियमचा शेवटचा ठोकळा

मी पाच दातांची एंडमिल बोलतेय, गरगर फिरत धातू कापणारी. कारखान्यात मला नुसतं ‘कटर’ म्हणतात, पण ते झालं आडनाव. कटर शंभर प्रकारचे असतात. मी लांबीला तुमच्या मधल्या बोटाएवढी, जाडीला बारा मिलिमीटर, आणि टायटॅनियम कापण्यासाठी जन्मलेली. हे शेवटचं नीट ध्यानात ठेवा, कारण ते ध्यानात न ठेवल्यामुळेच सगळा घोळ झाला.

मी आधी पूड होते. टंगस्टन कार्बाइडची राखाडी, जड पूड. तिच्यात चिकटून राहायला थोडा कोबाल्ट घातला, दाबून कांडी केली आणि भट्टीत टाकली. भट्टीतून निघाले तेव्हा आक्रसून लहान झाले होते, पण अशी कठीण की माझ्यावर ओरखडा काढू शकेल अशी एकच वस्तू तिथे उरली होती : हिऱ्याचं चाक. त्या चाकानं माझ्या अंगात पन्हळी कोरल्या आणि मला दात दिले. शेवटी माझ्यावर जांभळट काळा मुलामा चढला, केसाहून कितीतरी पातळ.

माझे पाच दात सारख्या अंतरावर नाहीत. हे मुद्दाम केलेलं आहे. झोपाळ्याला दर वेळी नेमक्या ठेक्यावर धक्का दिला की तो उंच उंच जातो. धक्के मागेपुढे द्या, झोपाळा जागीच लटपटतो. धातूही तसाच झुलतो. सारख्या अंतरावरचे दात त्याला ठेक्यात धक्के देतात, तो थरथरतो, किंचाळतो आणि कटरला खातो. माझे दात ठेका चुकवतात. म्हणून मी जिथे कापते तिथे शांतता असते. मला वाकडी म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगितलं असतं, पण कटरला विचारतंय कोण!

आम्ही दोघी एका डबीतून आलो. मी आणि माझी जुळी बहीण. आम्हाला मागवलं केत्सरानं. तुमच्यापासून दूर, बांग फ्ली गावच्या कालव्याकाठी पत्र्याच्या शेडमधला कारखाना, पाच मशीन, दाराशी भूमिदेवतेचं छोटं घर आणि त्याच्यापुढे रोज नवी लाल सरबताची बाटली. केत्सरा सव्वीस वर्षांची, कॉलेजात यंत्रशास्त्र शिकलेली, तोंडानं फटकळ. कारखान्याचा मालक लियांग. त्याला लहानमोठे सगळे ‘हिया’ म्हणत, म्हणजे थोरला भाऊ. मोजमापाच्या टेबलावर पा लामून, सगळ्यांची मावशी, जिच्या मायक्रोमीटरपुढे आणि जिभेपुढे कुणाचं काही चालत नसे. आणि सगळ्यांच्या वर लुंग सवेंग. चाळीस वर्षं मशीनवर घालवलेला म्हातारा. ‘लुंग’ म्हणजे काका. पण तो ज्या रुबाबात शेडमधून फिरे, तो काकाचा नव्हता, राजाचा होता.

आम्ही यायच्या आधीची हकिगत आम्हाला डबीतच ऐकू आली, कारण डबी उघडली तेव्हा भांडण चालूच होतं.

केत्सराच्या ओळखीनं एक काम आलं होतं. कृत्रिम गुडघे बनवणाऱ्यांना टायटॅनियमचा सांधा हवा होता. त्यांनी चार ठोकळे पाठवले : एक नमुना चांगला काढून दाखवा, मग पुढचं बोलू. त्यातले दोन ठोकळे लुंगनं आधीच वाया घालवले होते. पहिल्यावर त्यानं जुना चार दातांचा कटर लावला, होल्डरच्या मुठीतून नको तेवढा बाहेर काढून, आणि मुंगीच्या पावलानं चालवला. कटर लाल झाला, ठोकळा काळा पडला. दुसऱ्यावर त्यानं आठ दातांचा लावला.

“दात जितके जास्त, तितकं काम गुळगुळीत,” लुंग म्हणत होता. “माझ्या गुरूंनी शिकवलंय.”

“तुमच्या गुरूंनी टायटॅनियम डोळ्यांनी तरी पाहिलं होतं का?” केत्सरा म्हणाली.

 तिथे गुरूंबद्दल असं बोलत नाहीत.

“आठ दात म्हणजे दातांमधल्या जागा चिंचोळ्या. निघालेला कीस जाणार कुठे?” ती थांबेना. “तो आतच कोंबला गेला. लुंग, टायटॅनियम उष्णता पोटात घेत नाही, सगळी कटरच्या धारेवर टाकतो. कीस जाड निघाला तरच तो उष्णता घेऊन जातो. हळू चालवलं तर कटर कापत नाही, नुसता चोळतो. चोळला की धातू आणखी कडक होतो. धातू बघून कटर निवडायचा असतो, सवय बघून नाही.”

“नू,” लुंग म्हणाला. नू म्हणजे उंदीर. वडीलधारी माणसं पोरीला लाडानं म्हणतात, पण त्यात तेव्हा लाड नव्हता. “नू, तुझ्या जन्माआधीपासून मी लोखंड खातोय.”

“म्हणून तर पोट बिघडलंय आपलं,” पा लामून टेबलावरून म्हणाली. नेमकं कुणाचं, ते तिनं सांगितलं नाही.

हियानं सूर्यफुलाची बी दातांत फोडली आणि निकाल दिला. “दोन ठोकळे उरलेत. पुढच्या बुधवारी ते लोक येणार. केत्सरा, तुझ्या निवडीनं एक सांधा चांगला निघाला, तर हे मोठं मशीन तुझ्या हातात. नाही निघाला, तर तू पा लामूनशेजारी मोजमापाला बसशील आणि मशीन लुंगच्या हातात, लुंगच्या पद्धतीनं. मग पुन्हा कटकट नको.”

एवढ्यासाठी आम्ही दोघी डबीतून निघालो. लुंगनं माझ्या बहिणीला उजेडात धरलं, फिरवलं आणि तोंड वाकडं केलं. “हिचे दात बघ. एक इकडे, एक तिकडे. घडवताना दारू प्यायला होता वाटतं कारागीर. परत पाठव.”

केत्सरानं ती त्याच्या हातातून जवळजवळ हिसकावूनच घेतली. मला त्या क्षणी ती आवडली.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता, आणि त्या कारखान्यात वर्षातून एका गुरुवारी अवजारांची पूजा असते. गुरूंना वंदन. आपल्याकडे दसऱ्याला करतात तसंच समजा. पांढऱ्या चादरीवर हातोड्या, पाने, ड्रिल, मोजमापाचे जुने गेज मांडले. डुकराचं उकडलेलं डोकं, केळी, अंडी, झेंडूच्या माळा, उदबत्त्यांचा धूर. माणसं हात जोडून बसली होती. खोटं कशाला बोलू, मला छान वाटलं. मला जन्मल्यापासून कुणी एवढं हळुवार धरलं नव्हतं. लुंगनं सुगंधी पांढऱ्या पिठीचे तीन ठिपके आमच्या दांडीवर लावले आणि केत्सरानं ते संध्याकाळी गुपचूप पुसलेही. आमच्याबरोबर एक नवा होल्डर आला होता, म्हणजे आम्हाला घट्ट धरणारी पोलादी मूठ. ती मूठ लुंगनं हातात घेतली, तिच्या आत, जिथे कटर बसतो तिथे बोट घातलं आणि लाखेच्या रोगणानं सोन्याचा वर्ख चिकटवला.

“दर वर्षी आतच का, लुंग?” पा लामूननं विचारलं.

“कपाळावर सगळेच लावतात. वस्तूचा जीव जिथे असतो तिथे सोनं लावावं.”

या कारखान्यात तो वर्षानुवर्षं असंच करत आला होता. साध्या लोखंडावर, संथ चालीत, कुणाला काही फरक कळला नव्हता. केत्सरा त्या वेळी बाहेर केळीची पानं धूत होती.

सोमवारी तिसरा ठोकळा व्हाइसमध्ये बांधला. नव्या कटरला पहिला हात वडील माणसाचा, ही तिथली रीत. लुंगनं माझ्या बहिणीला त्या नव्या होल्डरमध्ये बसवलं, नट आवळला आणि बाजूला झाला. आता केत्सरानं डायल लावून बघायला हवं होतं, की कटर सरळ फिरतो की डोलतो. डायल तिच्या हातात होती. मी ट्रेमधून बघत होते. तिनं लुंगकडे पाहिलं. वडील माणसानं बसवलेली वस्तू त्याच्या देखत तपासायची म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला अडाणी म्हणायचं. गुरूंबद्दल फाडकन बोललेली ही पोर तिथे मात्र अडली. तिनं डायल पेटीत परत ठेवली.

भीड भिकेची बहीण म्हणतात ना, ते खरं आहे. बोलायला लागणारं धाडस वेगळं आणि करायला लागणारं वेगळं. तिच्याकडे पहिलं भरपूर होतं.

माझी बहीण तिसऱ्या मिनिटाला गेली. आधी एक घरघर, मग किंचाळी, मग ‘टक्’ असा आवाज. तिचा अर्धा भाग ठोकळ्यात रुतून राहिला आणि ठोकळ्याला खोल खड्डा पडला.

“दात वाकडे,” लुंग म्हणाला. त्याला आनंद झाला नव्हता, हे मी कबूल करते. पण त्याला आश्चर्यही वाटलं नव्हतं.

“ये पोरी,” पा लामून म्हणाली. “माझ्या टेबलाला पंखा आहे. गुडघे दुखत नाहीत. आंब्याचं लोणचं पण असतं.”

केत्सरानं पक्कड उचलली. तिनं माझ्या बहिणीचा तुटका तुकडा काढला, भिंगाखाली धरला आणि तशीच उभी राहिली. पाचपैकी दोनच दात झिजलेले होते. त्यातला एक पार उडालेला. उरलेले तीन कोरे, नुकतेच डबीतून काढल्यासारखे. माझ्या बहिणीनं मरताना साक्ष ठेवली होती : पाच दातांचं काम दोघांनी केलं, कारण मला सरळ फिरू दिलं नाही.

मंगळवारी दुपारी सगळे मागच्या अंगणात चिकट भात आणि भाजलेला मासा खायला बसले, तेव्हा केत्सरा शेडमध्ये एकटी राहिली. तिनं मला त्याच होल्डरमध्ये बसवलं. डायलचा पाय टेबलाला चिकटवला, टोक माझ्या अंगाला लावलं आणि स्पिंडल, म्हणजे मशीनचा फिरणारा आस, हातानं हळूहळू फिरवला. काटा चार घरं पुढे गेला, चार घरं मागे आला. चार घरं म्हणजे अर्ध्या केसाएवढं. तुम्हाला ते काहीच वाटणार नाही. माझ्यासाठी ते म्हणजे लंगडत पळणं.

तिनं मला काढलं, होल्डरच्या आत पांढरा कागद घालून फिरवला. कागदावर पिवळी चमक उतरली.

“अरे देवा,” ती स्वतःशीच म्हणाली. मग तिला राग आला. तो लुंगवर जेवढा होता तेवढाच स्वतःवर. समोरच्या डायलकडे तिनं ज्या नजरेनं पाहिलं, ती मी ओळखते.

फडक्यावर स्पिरिट ओतून ती होल्डर पुसायला घेणार, तोच दारात लुंग. दातांत काडी.

“काय करतेस?”

“पुसतेय.”

“गुरूंचं सोनं पुसतेस?” काडी खाली पडली. “हिया! पा लामून! या, बघा हिचे पराक्रम! पूजा केलेली वस्तू पुसतेय!”

हिया हात न धुताच धावत आला. “केत्सरा, उद्या गिऱ्हाईक यायचंय, आज हे अशुभ कशाला? ठेव ते खाली.”

“हिया, शेवटचा ठोकळा आहे. शेवटचा कटर आहे. हे सोनं आत राहिलं तर दोन्ही जातील.”

“सोन्यानं कधी कुणाचं वाईट झालंय?”

“कटरचं झालंय. काल. तुमच्या समोर.” तिचा आवाज चढला. “लुंग, गुरूंना वंदन करा, माझी ना नाही. पण गुरू होल्डरच्या आत बसत नाहीत. तिथे कटर बसतो. त्याला तसूभरही दुसरं काही चालत नाही, सोनं नाही, पिठी नाही, माया नाही!”

“ऐका हिचं! चार बुकं वाचली आणि—”

“माझं ऐकू नका.” तिनं मला पुन्हा होल्डरमध्ये बसवलं, डायल लावली आणि बाजूला सरकली. “मी चुकले, लुंग. काल मी हे तुमच्या देखत लावायला हवं होतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून नाही लावलं. त्या भिडेत एक कटर मेला. आता तुम्ही स्वतः फिरवा. काटा तुम्हीच बघा.”

 लुंगनं खिशातला चष्मा काढला. चाळीस वर्षांचा हात होता तो. स्पिंडलला लागताच मला कळलं. कुठेही झटका नाही, थरकाप नाही. त्यानं मला एकदा फिरवलं. दुसऱ्यांदा फिरवलं. काटा पुढे, काटा मागे. म्हाताऱ्यांना मी पुष्कळ बोलते, पण त्याच्याबद्दल एक सांगते. त्यानं काट्याशी वाद घातला नाही.

“चार,” तो म्हणाला.

हियानं वाकून काटा पाहिला. पा लामूननंही.

“जुन्या होल्डरांमध्ये पण...” त्यानं वाक्य तोडलं. आणखी किती कटर त्यानं सोन्यानं मारले असतील, ते तो मोजत असावा. मग हात पुढे केला. “ते फडकं दे. पुसायचं तर माझ्या हातानं पुसू दे.”

त्यानं मला बाहेर काढून बाजूला ठेवलं, बोटाला फडकं गुंडाळलं आणि होल्डर आतून पुसला. एकदा नाही, पाच-सहा वेळा. लाख चिवट असते. फडक्यावर आलेला सोन्याचा कण त्यानं अंगठ्यानं उचलला, कपाळाला लावला आणि हात जोडले. केत्सरानंही जोडले. मग मला बसवलं. डायल. काटा अर्धं घर हलला आणि थांबला.

“आता बरोबर,” तो म्हणाला. आणि लगेच, “दोन दात अजून वाकडेच आहेत पण.”

“पाचही,” केत्सरा म्हणाली.

आता माझ्या आयुष्यातली ती चाळीस मिनिटं. ती मी कुणालाही देणार नाही.

मी होल्डरबाहेर जेवढी लागेल तेवढीच होते, एक मिलिमीटरही जास्त नाही. मिनिटाला अठराशे फेरे. ठोकळ्यात मी खोल शिरले, चोवीस मिलिमीटर, पण कडेनं एकाच मिलिमीटरचा घास. खोल आणि अरुंद. म्हणजे माझी सगळी धार कामाला लागते आणि कुठल्याच दाताला भाजायला वेळ मिळत नाही. थंड पाण्याचा फवारा थेट माझ्या दातांवर. टायटॅनियमनं मला अडवून बघितलं. तो मानी धातू आहे, त्याला चुचकारलेलं आवडत नाही. त्याला ठाम घास लागतो.

लुंगचा हात सवयीनं फीडच्या, म्हणजे चाल कमीजास्त करायच्या बटणाकडे गेला. “हळू, नू, जरा हळू, शेवटचा आहे...”

केत्सरानं आपल्या पंजानं बटण झाकलं. “शेवटचा आहे म्हणूनच हळू नाही.”

“अगं, पण—”

“आवाज ऐका, लुंग.”

त्यानं कान दिला. आवाज नव्हताच म्हणा ना. नुसती एक भरीव, सलग गुणगुण. माझ्यासमोरून कीस उडत होता, आखूड, जाड, चांदीसारखा, आणि माझी उष्णता उचलून नेत होता. लुंगनं ट्रेमधला एक कीस उचलला, बोटांत चुरगाळून पाहिला, उजेडात धरला. काळा नव्हता. निळा नव्हता. कारागीर माणसाला एवढं पुरतं.

“हिची धार चांगली आहे,” तो पा लामूनला म्हणाला. मला नाही. पण मी ऐकलं.

सांधा निघाला. पा लामूननं तो पुसला, गार होऊ दिला, मग चार ठिकाणी मायक्रोमीटर लावला, मग आणखी चार ठिकाणी. मुद्दाम वेळ लावत होती, हे सगळ्यांना कळत होतं. केत्सराचा चेहरा माझ्या मुलाम्याच्या रंगाचा झाला होता.

“पोरी,” शेवटी ती म्हणाली, “लोणचं मी एकटीच खाणार असं दिसतंय.”

बुधवारी ती माणसं आली आणि सांधा घेऊन गेली. पुढच्या महिन्यात वीस ठोकळे आले. मोठं मशीन केत्सराला मिळालं आणि लुंगनं त्याच आठवड्यात जुने सगळे होल्डर रांगेत मांडून एकेक पुसला. कुणी मदतीला गेलं तर त्यानं हाकलून दिलं.

मी मात्र फार जगले नाही. कापणाऱ्याचं आयुष्य आखूडच असतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. दोनदा मला नवी धार लावली, दोन्ही वेळा मी थोडी बारीक झाले. पहिला नमुना सोडून आठ सांधे माझ्या दातांखालून गेले. कुठेतरी आठ माणसं जिना चढताहेत, बसमध्ये उभी राहताहेत, चेंडूला लाथ मारताहेत. त्यांना मी माहीत नाही. नसू दे. त्यांचा गुडघा माहीत आहे ना, मग झालं.

त्यानंतर माझी धार बसली आणि मी खणात पडून राहिले, आटे पाडणाऱ्या तुटक्या टॅपांच्या संगतीत. पा लामूननं एकदा माझ्या टोकानं मासळीच्या सॉसची बाटली उघडली. टायटॅनियम कापणाऱ्या मला बाटलीचं बूच! तो अपमान मी विसरलेले नाही. आता मी कार्बाइडच्या भंगाराच्या निळ्या डब्यात आहे. उद्या गाडी येईल. तिकडे मला दळतील, शुद्ध करतील आणि मी पुन्हा पूड होईन.

हे सगळं सांगायचं सुचलं ते आज सकाळच्या गोष्टीमुळे. लुंग एक नवा ठोकळा घेऊन केत्सराकडे आला. रंग वेगळा, वजन वेगळं. मला डब्यातून नीट दिसत नव्हतं, ऐकू मात्र स्पष्ट येत होतं.

“नू, ह्याला कुठला लावू?”

“धातू कुठला?”

“निकेलवाला. चिवट.”

“किती खोल जायचंय?”

“तीस.”

“ठोकळ्याची पकड पक्की आहे?”

“माझी पकड आहे,” तो गुरकावला. मग जरा थांबून, “पण ये, हलवून बघ.”

तिनं बघितली. खण उघडला, बोटं फिरवली, एक कटर काढला. लुंगनं तो स्वतः बसवला, नट आवळला, अंग मागे घेतलं आणि पेटीतली डायल काढून तिच्यापुढे धरली.

“लाव. माझ्या देखत लाव. आणि लाजलीस तर मशीन काढून घेईन.”

तिनं लावली. काट्याचं घर मला दिसलं नाही, पण दोघंही हसली, म्हणजे तो जागीच राहिला असणार.

तर मी निघते. तुमच्याही घरी, कारखान्यात, ऑफिसात मोठी माणसं काहीतरी घट्ट बसवून बाजूला होत असतील. त्यांना नमस्कार जरूर करा. मग डायल लावा, त्यांच्या देखत लावा. आणि कधी एखादं धारदार पातं तुमच्या हाती आलं, तर ते कुठल्या धातूसाठी घडलंय हे आधी विचारा. कोण जाणे, त्यात माझीच पूड असेल. त्याचे दात वाकडे दिसले तर नावं ठेवण्याआधी त्याला एकदा कापू द्या.